एनोकची आई

तबिताला नाक मुरडायला फारसं निमित्त लागत नसे. ग्रीनलंडच्या उत्तरेकडे, तिच्या उपेर्नाविक गावात नाक मुरडलं की त्याचा अर्थ 'नाही', आणि भुवया वर केल्या की 'हो'. तोंड उघडून थंडी कशाला आत घ्यायची? त्यामुळे तबिता समोरच्याला नकार देतेय की त्याची लायकी काढतेय, हे गावात पुष्कळांना कळत नसे. बहुतेक वेळा ती दोन्ही कामं एकदमच उरकत असे. माशांच्या कारखान्यात हॅलिबट कापण्यात तिचा जन्म गेला, आणि तिथे आलेल्या एकाही डॅनिश मुकादमाला तिने बरं म्हटलं नाही. एक घामट होता, एक रडका होता, आणि एकाला म्हणे कुत्र्यांच्या ओरडण्याने झोप येत नसे. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "एनोक? शिकारी चांगला आहे. सील दिसला की गोळी घालतो, तेवढं स्वतःच्या अकलेने करतो. बाकी सगळं आईला विचारून."

यात खोटं काही नव्हतं. आडदांड माणूस. पातळ बर्फावरून स्लेज नेताना कुत्री दचकत, पण हा नाही. आणि बोटीला नवं इंजिन घ्यायचं म्हटलं, की निघाला आईकडे. लग्न झालं त्या वर्षी तबिताने घराला पिवळा रंग द्यायचं ठरवलं. एनोक आईला विचारून आला आणि घर निळं झालं. म्हातारीचं नाव एलेओनोरा. ती सुनेशी वाईट वागत नसे, ती सुनेला मोजतच नसे. तबिताने केलेल्या सूपात चमचा घालून ती मुलाला विचारायची, "हिने मीठ घातलंय का?" सून समोर बसलेली असायची.

शेवटी म्हातारी गेली. तबिताने चर्चमध्ये रीतसर डोळे पुसले, आल्यागेल्यांना कॉफी पाजली, केक स्वतः भाजले. मग घरी येऊन जी झोपली, ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं. हे वाटणं जेमतेम एक हिवाळा टिकलं. कारण तिची लेक आने बाळंत झाली, मुलगी झाली, आणि एनोक पाळण्यात वाकून ढसाढसा रडला. "आई आली," म्हणाला.

आता यात नवल काही नाही. गेलेल्याचं नाव नव्या बाळाला ठेवायचं, नावाबरोबर माणूस परत येतं, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाव एलेओनोराच ठेवलं. त्या दिवसापासून एनोक त्या तान्ह्या जिवाला 'आई' म्हणू लागला आणि आने स्वतःच्या पोटच्या पोरीला 'आजी'. म्हातारीच्या मैत्रिणी येऊन पाळण्याशी बसत आणि गुडघेदुखीचं सांगत. सीलचं काळीज आलं की पहिला तुकडा तिचा. तबिताने पिवळ्या रंगाचा डबा उघडला तेव्हा बाळ नेमकं रडलं, तर एनोकने डब्याचं झाकण लावून टाकलं.

नात्याप्रमाणे तबिताने तिला 'सासूबाई' म्हणायला हवं होतं. ती म्हणायची 'पोरी'. आख्ख्या गावात ती एकटीच. "सासूबाईंना मी पोचवून आलेय," ती म्हणे, "केकसुद्धा मीच भाजले होते. ही आनेची पोर आहे, शेंबूड पुसायला शिकवा तिला." एनोक यावर काही बोलत नसे. तो एकूणच तबिताशी वाद घालत नसे, आणि तेही तिला खपत नसे.

पोर सहा वर्षांची झाली, आणि एनोकच्या घशाखाली घास अडकू लागला. आधी वाळवलेला मासा, मग उकडलेला, मग सूपातली भाकरीसुद्धा. गावातल्या डॉक्टरने पुढे पाठवलं, पुढच्याने आणखी पुढे, आणि शेवटी दोघं विमानाने खाली डेन्मार्कला, कोपनहेगनला आली. अन्ननलिकेत गाठ होती. त्याच्यासोबत राहायला तबिता.

ग्रीनलंडहून आलेल्या आजाऱ्यांसाठी तिथे एक घर आहे, तिथे त्यांना खोली मिळाली. तबिताला तिथलं एकही माणूस आवडलं नाही. ग्रीनलंडच्या दक्षिणेकडचे लोक बोलता बोलता मध्येच डॅनिश पेरतात, जसं काही त्यांच्या बापजाद्यांनी सील कधी पाहिलाच नव्हता. एकेक जण आपला आजार असा सांगे की गावात लोक आपल्या कुत्र्यांची फुशारकी मारतात त्याची तिला आठवण होई. कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. खिडकीबाहेर झाडंच झाडं, कुठे नजर टाकावी तर मध्ये येणार, लांबचं म्हणून काही दिसायचं नाही. आणि त्या डॅनिश नर्सा! मान कलती करायची, दंडावर हात ठेवायचा आणि "कसं वाटतंय?" म्हणून मऊ आवाजात विचारायचं. "कसं वाटणार?" तबिता आपल्या भाषेत पुटपुटे. "माझा नवरा उपाशी मरतोय आणि ही माझा दंड चोळतेय."

दक्षिणेतल्या काकोर्तोकचा ओटो म्हणून एक होता. त्याची बायको इस्पितळात किरणं घेत पडलेली आणि हा दिवसभर दुकानं फिरायचा. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने नवे बूट काढून सगळ्यांना दाखवले. तबिता म्हणाली, "छान आहेत. बायकोच्या मयताला घालायला होतील." त्यानंतर ओटो तिच्या टेबलाशी बसला नाही. तिला बरंच झालं, जागा मोकळी झाली आणि एनोकला पाय पसरता आले.

एनोकचं सगळं ती करत होती. कुणीतरी गावाकडून आणलेलं सीलचं मांस मागून घ्यायची, उकळायची, फडक्यातून गाळायची आणि चमच्याने पाजायची. त्याची नखं कापायची, पाठ चोळायची, उलटी झाली तर कुणाला हाक न मारता स्वतः पुसायची. गोड शब्द मात्र एक नाही. "गीळ. माझ्याकडे बघून पोट भरणार नाही." "तो बघ, ओघळ हनुवटीवर. तुझी ती आईसुद्धा तुझ्यापेक्षा नीट खाते, दात पडलेत तरी." त्याच्या खांद्यांची हाडं वर आलेली दिसली की तिच्या जिभेला धार येई. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. फार होतं. पण हे कुणाच्या लक्षात आलं असतं तर तिला चोरी पकडल्यासारखी लाज वाटली असती.

ऑपरेशनबद्दल बोलायला डॉक्टरांनी बोलावलं. डॉक्टर ब्रून नावाची बाई होती, तरुण, उंच, केस करकचून बांधलेली. टेबलावर फोन ठेवला होता आणि फोनवर दुभाषी म्हणून हान्सिना, मूळची ग्रीनलंडमधल्या सिसिमिउतची, आता डेन्मार्कातच कुठेशी राहणारी. ती घरी बसून ऐकायची आणि इकडचं तिकडे करायची.

ब्रूनबाईंनी सगळं नीट सांगितलं. छाती उघडावी लागेल, नासकी नळी काढून टाकायची, जठर वर ओढून जोडायचं. मोठं काम आहे, जिवाला धोकाही आहे. पण नाही केलं तर थोड्याच दिवसांत पाणीसुद्धा उतरणार नाही. आणि फार थांबता येणार नाही, गाठ वाढतेय. "तुमची इच्छा आहे का ऑपरेशनची?"

एनोकने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "आईला विचारावं लागेल."

हान्सिनाने जसंच्या तसं सांगितलं. ब्रूनबाईंनी समोरचे कागद चाळले, पासष्टीच्या माणसाकडे पाहिलं. "यांची आई आहे अजून?"

"मध्यंतरी वारली होती," एनोक म्हणाला. "आता बरी आहे."

हेही हान्सिनाने सांगितलं, जराही न अडखळता.

"आता कुठे असतात त्या?"

एनोकने घड्याळाकडे पाहिलं. "या वेळेला शाळेत असेल."

ब्रूनबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. आवाज आणखी मऊ केला. तबिताला तो आवाज ऐकूनच चीड आली. "एनोक, आपण कुठल्या शहरात आहोत, ठाऊक आहे तुम्हाला?"

एनोकने भुवया वर केल्या.

ब्रूनबाई थांबल्या. कागदावर काहीतरी लिहिलं. "इथे कशासाठी आलात, ते ठाऊक आहे?"

एनोकने पुन्हा भुवया वर केल्या.

"हे कुठलं साल, माहीत आहे?"

तिसऱ्यांदा भुवया वर. म्हणजे, माहीत आहे की, त्यात विचारायचं काय!

"ते काही बोलत नाहीयेत," फोनवरून हान्सिना म्हणाली. तिला बिचारीला भुवया दिसणार कशा?

तबिताला दिसत होत्या. डॅनिशही तिला सगळं कळत होतं. मुकादमांच्या शिव्या खाऊन खाऊन शिकली होती. ही बाई एवढी शिकली आणि माणूस तोंडावर तीनदा 'हो' म्हणतोय ते हिला कळत नाही, याची तिला मनातून गंमत वाटत होती. बघू अजून किती वेळ वेड्यासारखी विचारत बसते, म्हणून ती गप्प राहिली.

"तबिता," ब्रूनबाईंनी तिला विचारलं, "हे असं यांचं कधीपासून आहे?"

"जन्मापासून," तबिता म्हणाली.

हान्सिनाने तेही सांगितलं.

लगोलग एनोकच्या डोक्याचा स्कॅन झाला. तबिताला वाटलं, असेल काहीतरी यांची रीत, घशासाठी डोकं तपासायची. पुन्हा बोलावलं तेव्हा ब्रूनबाईंच्या शेजारी पाण्याचा पेला आणि कागदी रुमालांचा खोका होता. रुमाल बघितल्यावर तबिता सावध झाली.

डोक्यात गाठ दिसली नाही, ब्रूनबाई म्हणाल्या. पण यांचं भान ठिकाणावर नाही. मेलेली आई शाळेत गेलीये म्हणतात, साध्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, आणि बायकोही सांगते की हे जुनं आहे. अशा माणसाची संमती धरता येत नाही. ऑपरेशननंतर नळ्या उपसून टाकतील, तेव्हा हाल होऊन जातील. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. ऑपरेशन नको. दुखणार नाही याची औषधं देऊ आणि घरी पाठवू. आपल्या माणसांत राहू द्या त्यांना."

हान्सिनाने हेही सांगितलं. एनोकने 'घरी' एवढंच ऐकलं असावं. त्याचा चेहरा उजळला.

तबिता खुर्चीत पुढे सरकली. आणि मग इतक्या वर्षांत एकाही मुकादमाला जे ऐकायला मिळालं नव्हतं ते झालं. ती डॅनिश बोलली.

"तो वेडा नाही," ती म्हणाली. "तो मूर्ख. ते वेगळं असतं."

ब्रूनबाई चमकल्या. "तुम्हाला डॅनिश येतं?"

"येतं. आवडत नाही." तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "आई म्हणजे मुलगी. आमच्या आनेची मुलगी. सहा वर्षांची. तिचं नाव, त्याच्या आईचं नाव. म्हणून ती त्याची आई. शाळेत जाते. खरंच जाते."

ब्रूनबाई फोनकडे वळल्या. "हान्सिना? हे खरं आहे?"

"हो, अर्थात," हान्सिना म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय?" हान्सिनाला खरोखरच कळेना. "ते म्हणाले आईला विचारतो, मी म्हटलं आईला विचारतात. माझा भाचा माझा बाप लागतो. परवा त्याने माझ्या सोफ्यावर रंग सांडला, तर मला धड रागावताही येईना."

ब्रूनबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि मी विचारलेल्या प्रश्नांना ते गप्प का बसले?"

"गप्प कुठे? हो म्हणाला. तीनदा." तबिताने स्वतःच्या भुवया वर करून दाखवल्या. "असं. तुम्ही बघत होता कागदाकडे."

"तुम्ही तर यांच्याकडेच बघत होतात ना?" ब्रूनबाई म्हणाल्या. आवाज आता मऊ नव्हता. "डॅनिश तुम्हाला कळत होतं. मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

तबिताकडे उत्तर एवढंच होतं की समोरच्या शहाण्या बाईची फजिती बघायला तिला मजा आली होती, आणि त्या मजेपायी तिने नवऱ्याला जवळजवळ मारून टाकलं होतं. जन्मभर ती लोकांना मूर्ख म्हणत आली. आज त्या खोलीतलं सगळ्यांत मूर्ख माणूस कोण, हे तिला बरोबर कळलं.

"एकच विचारते," ब्रूनबाई म्हणाल्या. "मला खात्री हवी आहे की हे फक्त यांच्या डोक्यात नाही. तुम्हीही असंच मानता? ती मुलगी तुमची कोण?"

एनोकने मान वर केली. एवढ्या गोंधळात पहिल्यांदाच तो घाबरलेला दिसला. ही काय उत्तर देणार ते त्याला ठाऊक होतं. सहा वर्षं ऐकत होता.

तबिताने भुवया वर केल्या.

"तोंडाने सांगा."

"सासू," तबिता म्हणाली. औषधाचा कडू डोस घ्यावा तसा चेहरा वाकडा करून म्हणाली, पण म्हणाली. "ती माझी सासू."

ब्रूनबाईंनी कागद बाजूला सारले. "बरं," त्या म्हणाल्या, "मग विचारा त्यांना. आत्ताच. मलाही बघू दे."

तबिताने आपला मोबाईल काढून आनेला लावला. पोर सर्दी झाली म्हणून शाळा बुडवून घरीच होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग आनेचा अंगठा, मग एलेओनोराबाई: पुढचे दोन दात पडलेले, नाक वाहतंय, हातात वाळवलेल्या माशाचा तुकडा.

"आई," एनोक म्हणाला, आणि ताठ बसला. "हे लोक मला कापायचं म्हणतात. काय करू?"

"कुठे कापणार?"

त्याने छातीवर बोट फिरवून दाखवलं. पोरीने मासा चावता चावता नीट पाहून घेतलं.

"एवढं मोठं?" ती म्हणाली. "मग नको. घरी ये."

एनोकने भुवया वर केल्या. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा तो सैल झाला. हान्सिनाने हळूच सांगितलं, "आई नको म्हणते. ते घरी जातायत."

ब्रूनबाई एनोककडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तबिता, आता माझे हात बांधलेत. यांना सगळं कळतंय, यांनी यांच्या रीतीने विचारलं, आणि ठरवलं. शुद्धीवरच्या माणसाला मी जबरदस्तीने कापू शकत नाही."

म्हणजे झालं ते असं. तबिताने आटापिटा करून नवऱ्याला शहाणा ठरवलं होतं, आणि आता तो शहाणा माणूस उपाशी मरायला घरी निघाला होता, एका शेंबड्या पोरीने सांगितलं म्हणून. तिच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाचे कान उपटावेत, त्याला ओरडून सांगावं की अरे बैला, एकदा तरी, मरताना तरी बायकोला विचार! पण तो विचारणार नव्हता. तिला हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. विनवायचं तर त्या एकाच पोरीला विनवावं लागणार होतं, आणि तेही तबिताने स्वतः.

तिने एनोकच्या हातातून मोबाईल घेतला.

"सासूबाई," ती म्हणाली.

पलीकडे आनेचा "आं?" ऐकू आला. पोरीचं चावणं थांबलं. "कोण, मी?"

"तुम्हीच. ऐका. आजवर मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. जीव गेला असता तरी मागितलं नसतं. आज मागते. त्याला हो म्हणा. नाही कापलं तर तो भुकेने मरेल, माझ्या डोळ्यांसमोर, चमच्याने पाणीसुद्धा जाणार नाही. म्हणा हो. मला तो हवाय."

हे शेवटचं वाक्य एनोकने तिच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. तो जमिनीकडे बघू लागला. फोनवर हान्सिना ब्रूनबाईंना सांगत होती.

पोरीने पडद्याशी नाक आणलं. "तू रडतेयस?"

"नाही."

"मग नको."

"रडतेय," तबिता म्हणाली. "रडतेय, सासूबाई."

"दाखव."

तबिताने मोबाईल तोंडासमोर धरला. डॉक्टरसमोर, नवऱ्यासमोर, पलीकडे लेकीसमोर धरला आणि तसाच ठेवला. पोरीने पाहिलं. एक डोळा पाहिला, मग दुसरा. तिला घाई नव्हती.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "कापू दे त्यांना. पण मग लवकर यायचं. आणि मला गोड काहीतरी आणायचं, पुष्कळ." आणि माशाचा तुकडा तोंडात कोंबून ती पडद्यावरून निघून गेली.

एनोकने भुवया वर केल्या. ब्रूनबाई या वेळी कागदाकडे बघत नव्हत्या. "हो म्हणाले," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि तारखा बघायला कॉम्प्युटरकडे वळल्या.

तबिताने बाहीने नाक पुसलं, रुमालाच्या खोक्याकडे ढुंकूनही न बघता. मग नवऱ्याकडे वळली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "माझं एकदा ऐकायला तुझ्या आईला मरून परत यावं लागलं."